किती लांबचं दिसतं?

गळ्यात दुर्बीण अडकवून मराठवाड्यात फिरणाऱ्या माणसाला सगळ्यात आधी एकच प्रश्न विचारला जातो. नांदेडच्या वजिराबादेत जो, तोच लातूरच्या गंजगोलाईत. या दोन शहरांचं एखाद्या गोष्टीवर एकमत व्हावं हीच मुळात बातमी आहे. प्रश्न असा: "किती लांबचं दिसतंय ओ यातून?" तुम्ही कोण, सकाळी सहाला धरणाच्या काठी चिखलात काय करताय, घरी काही भांडण झालंय का, हे सगळं मागाहून. आधी अंतर, आणि तेही किलोमीटरमध्ये.

याचं खरं उत्तर ३,८४,००० किलोमीटर असं आहे. चंद्र तेवढ्या अंतरावर आहे आणि साध्या दुर्बिणीतूनही त्याच्यावरचे खड्डे दिसतात. लोह्याच्या बसस्टँडवर हे उत्तर मी देऊन बघितलं. विचारणाऱ्या काकांनी तंबाखूची चिमूट नीट बसवली, वर बघितलं आणि म्हणाले, "चंद्र तर आमाला असाच दिसतोय की." काकांनी सगळं प्रकाशशास्त्र एका वाक्यात गुंडाळलं. लांबचं दिसायला दुर्बीण लागत नाही, ते डोळ्यालाही दिसतं. दुर्बीण ते मोठं करते, आणि किती मोठं करावं याला एक हद्द असते. त्या हद्दीपलीकडे गेलेला माणूस पक्षी बघत नाही, स्वतःच्या हाताची थरथर बघतो.

पण लहान आकडा मोठ्या आकड्याहून चांगला असतो, हे आमच्याकडे कुणाला पटवून दाखवा. आमचा प्रांतच आकड्यांवर जगतो. पाऊस किती मिलिमीटर, मांजरा किती टक्के, सोयाबीनला काय भाव फुटला, पोराला 'नीट'ला ७२० पैकी किती पडले. लातूरला तर पाहुण्यापुढे पाण्याचा तांब्या यायच्या आधी पोरांचे मार्क येतात. तिथे टंचाई पाण्याची आहे, मार्कांची नाही. माझं घर नांदेडला आणि सासुरवाडी लातूरला, त्यामुळे विभागीय आयुक्तालय कुणाच्या शहरात व्हावं या जुन्या भांडणात मी दोन्हीकडचं जेवतो आणि गप्प बसतो. आकड्यांच्या बाबतीत मात्र दोन्ही घरं सारखीच. मोठा तो चांगला. शेवटी टक्क्याचं चिन्ह नाहीतर 'एक्स' असेल तर विचारायलाच नको.

आमच्या मेव्हण्यांनी कुठल्याशा संकेतस्थळावरून दुर्बीण मागवली ती याच न्यायाने. खोक्यावर लिहिलं होतं १०-९०×८०. शिवाय 'मिलिटरी', शिवाय 'नाइट व्हिजन', शिवाय एका कोपऱ्यात बर्फाळ डोंगरावर उभा असलेला सोनेरी केसांचा माणूस, ज्याला लातूरच्या उन्हाची काहीच कल्पना नसावी. भिंगं लालभडक. किंमत हजाराच्या आसपास. "दाजी, तुमची आठची हाय, माझी नव्वदची," असं म्हणून त्यांनी ती माझ्या हातात दिली. त्या आवाजात बहिणीच्या लग्नापासूनचा हिशेब चुकता झाल्याचं समाधान होतं.

मी बघितलं. समोरच्या कडुलिंबावर शिक्रा होता, किंवा कबूतर होतं, किंवा प्लॅस्टिकची पिशवी होती. नव्वद पट मोठी झालेली वस्तू नव्वद पट हलते, हे खोक्यावर कुठे लिहिलेलं नसतं. श्वास रोखला तर छातीचे ठोके दिसतात. भिंत धरली तर भिंत हलल्यासारखी वाटते, आणि आमच्या भागात १९९३ च्या भूकंपापासून भिंत हलल्यासारखी वाटणं ही चेष्टेची गोष्ट राहिलेली नाही. त्यात ती लाल भिंगं. लाल लेप तांबडा प्रकाश बाहेरच परतवतो, म्हणून आतलं सगळं हिरवट-निळसर दिसतं. बुलबुलाच्या शेपटीखालचा लाल डाग, ज्यावरून त्याला लालबुड्या म्हणतात, तोच नेमका मावळतो. आणि ते ८०? मोजपट्टी घेऊन भिंगाची रुंदी मोजा. खोक्यावरचा आकडा आणि पट्टीवरचा आकडा एकच निघाला तर मला पत्र पाठवा.

मेव्हण्यांना हे काही सांगितलं नाही. सासुरवाडीत फार प्रकाशशास्त्र बोलू नये.

आता दुर्बिणीवरच्या त्या दोन आकड्यांचं सांगतो, कारण दुकानदार ते सांगत नाही आणि सांगितलं तर उलटं सांगतो. ८×४२ म्हणजे वस्तू आठ पट मोठी दिसणार आणि पुढच्या भिंगाची रुंदी ४२ मिलिमीटर. बेचाळीसला आठने भागा: सव्वापाच. एवढ्या मिलिमीटर रुंदीचा प्रकाशाचा ठिपका दुर्बीण तुमच्या डोळ्यात सोडते. भर दुपारी डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरवर आलेली असते, त्यामुळे त्या वेळी खिशात मावणारी १०×२५ सुद्धा चालून जाते. तिचा ठिपका अडीचचा. पण पक्षी बघणारा माणूस भर दुपारी हिंडत नाही. मे महिन्यात दुपारी लातूरला बाहुलीच काय, अख्खा माणूस आकसतो. खरी वेळ पहाटेची आणि सांजेची. हिवाळ्यात विष्णुपुरीच्या फुगवट्यावर धुकं असतं, बाहुली पसरलेली असते आणि पलीकडच्या काठावर करड्या रंगाचं काहीतरी उभं असतं. तो बगळा आहे की चित्रबलाक, हे अडीचच्या ठिपक्यात ठरत नाही. सव्वापाचात ठरतं. २०×५० घेतलीत तर पाच भागिले दोन, पुन्हा अडीच. म्हणजे पैसे देऊन अंधार विकत घेतला.

दुसरी गोष्ट रुंदीची. आठ पटीच्या चांगल्या दुर्बिणीत हजार मीटरवरचा सव्वाशे-एकशेचाळीस मीटरचा पट्टा एका नजरेत येतो. वीस पटीत तो पन्नास-साठवर येतो. पक्षी तर झाडाच्या कोणत्या फांदीवर आहे हे तुम्हाला आधी माहीत नसतं. आणि शेजारचा "अहो तिथं, त्या हिरव्या पानाच्या मागं" असं सांगतो तेव्हा सगळं झाडच हिरव्या पानांचं असतं. रुंद पट्टा असला की पक्षी सापडतो. अरुंद असला की झाड सापडतं, मग फांदी सापडते, मग फांदी नुकतीच हललेली सापडते.

म्हणून आठ. दहाही चालते, ज्याचे हात दगडासारखे स्थिर आहेत त्याला. बाराच्या पुढे तिपाई लागते, आणि तिपाई घेऊन निघालेल्या माणसाला आमच्याकडे मोजणीवाला समजतात. हे मी हवेत बोलत नाही. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाच्या आखणीच्या बातम्या नांदेड-लातुरात पोचल्यापासून बांधावर उभा राहून लांब बघणारा कोणताही इसम संशयित आहे. एकदा नीलपंखावर दुर्बीण लावून उभा होतो, तर मागून आवाज आला, "कुणाच्या गटातून चाललाय रोड?" मी म्हटलं, "मामा, पक्षी बघतोय." ते जवळ आले. पायातल्या बुटांपासून टोपीपर्यंत माझी मोजणी झाली. "सरकारचं काम हाय का?" नाही. "पगार?" नाही. "मंग कुणी लावलंय हे मागं?" कुणी नाही, आवड आहे. मामांनी बराच वेळ विचार केला आणि अत्यंत कनवाळू आवाजात विचारलं, "लेकरं-बाळं काय करत्यात?"

पगाराचा हा प्रश्न जुना आहे, सलीम अलींनाही तो चुकला नसणार. १९३१-३२ मध्ये त्यांनी निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. नांदेड आणि लातूर तेव्हा त्याच संस्थानात होते. जर्मनीत शिकून आलेला माणूस, हाताला नोकरी नव्हती, तेव्हा त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीपुढे तोडगा ठेवला की संस्थानांनी खर्च द्यावा, काम मी फुकट करतो. आपल्या भागातल्या पक्ष्यांची पहिली शिस्तशीर यादी अशी बिनपगारी झालेली आहे. त्या काळी नमुने जमवायला पक्षी मारावेच लागत, त्यामुळे सोबत बंदूक असे, आणि मला वाटतं तेवढ्यापुरतं त्यांचं सोपं होतं. बंदूकवाला दिसला की गावाला कळतं, शिकारी आला. दुर्बीणवाला नुसता बघतो आणि निघून जातो. अशा माणसाचं करायचं काय?

असो. आकडा ठरला, आता आकार. दुर्बिणी दोन घाटांच्या मिळतात. एक सरळ नळ्यांची, सडपातळ, गळ्यात शोभणारी. दुसरी रुंद खांद्यांची, जुन्या हिंदी सिनेमात सीमेवरच्या कर्नलच्या हातात असायची ती. या दुसरीतली लोलकांची रचना इग्नाझिओ पोरो नावाच्या इटालियन गृहस्थांची, १८५४ सालची. झाइस कंपनीने १८९४ मध्ये ती बाजारात आणली. सरळ नळीवाली दिसायला देखणी, पण तिच्यातले लोलक फार बारकाईने घासावे लागतात आणि त्यांच्यावर खास लेप द्यावा लागतो. हे काम स्वस्तात होत नाही. स्वस्तात केलं की केल्यासारखं दिसतं. म्हणून पाच ते दहा हजारांच्या घरात दुर्बीण घ्यायची असेल तर रुंद खांद्यांचीच घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. ऑलिम्पसची ८×४० आणि निकॉनची अ‍ॅक्युलॉन ८×४२ या दोन दुर्बिणी आपल्या देशातल्या कितीतरी नवशिक्यांच्या गळ्यात लोंबल्या आहेत. दोन्ही पाऊण किलोच्या आतबाहेर. मान दुखते. पण चित्र असं स्वच्छ येतं की त्याच पैशातल्या देखण्या सरळ नळीने लाजावं.

ऑस्ट्रियाची स्वारोव्स्की किंवा जर्मनीची लायका घेणारेही लोक आहेत. त्यांच्या वरच्या दुर्बिणींची किंमत लाखांत जाते. तेवढ्या पैशात देवणी बैलांची जोडी दारात उभी राहते, आणि तिच्याकडे बघायला दुर्बीण लागत नाही. मी एकदा एका पाहुण्या पक्षीमित्राच्या स्वारोव्स्कीतून बघितलं होतं. त्यावर इथे लिहिणार नाही. संसारी माणसाने काही गोष्टी बघू नयेत.

रुंद खांद्यांच्या दुर्बिणीचा एक दोष मात्र सांगायला हवा: स्वस्तातली बहुधा पाण्याला आणि धुळीला टिकणारी नसते. पूर्वी मी म्हणायचो की लातूरकराने पाण्याची भीती कशाला बाळगायची. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून 'जलदूत' रेल्वेने पाणी आणून ज्या शहराने तहान भागवली त्याला जलरोधक दुर्बीण म्हणजे चैन. आता तसं म्हणवत नाही. २०२५ च्या पावसाळ्यात आमच्याकडची शेतं पिकासकट वाहून गेली. नायट्रोजन भरलेल्या, बंद नळ्यांच्या दुर्बिणीला दोन-चार हजार जास्त पडतात. ज्याला पावसात हिंडायचंच आहे त्याने ते द्यावेत. बाकीच्यांनी प्लॅस्टिकची पिशवी बाळगावी. धुळीचं काय करायचं ते आमच्याकडच्या लोकांना सांगायची गरज नाही. फक्त भिंग शर्टाच्या टोकाने पुसू नये. त्या टोकाला आधीच नाक, चष्मा आणि मोबाइल पुसलेला असतो.

चष्म्यावरून आठवलं. आमच्याकडे पक्षी बघायला वेळ मिळतो तो बहुतेक करून निवृत्तीनंतर, म्हणजे चष्म्यानंतर. चष्मा लावून दुर्बिणीत बघितलं की मधे अंतर पडतं आणि चित्राचा कडेचा भाग जातो. मोठ्या गोलाच्या जागी नाण्याएवढा गोल उरतो. दुर्बिणीपासून डोळा किती मागे ठेवला तरी पूर्ण चित्र दिसतं, याचं एक माप माहितीपत्रकात असतं. चष्मेवाल्याला ते पंधरा मिलिमीटर किंवा जास्त हवं. वर सांगितलेल्या दोन्ही दुर्बिणींचं ते बाराच्या आसपास आहे, म्हणजे जाड चष्म्याच्या मास्तरांनी त्या आंधळेपणाने घेऊ नयेत. नुसता लांबचा नंबर असेल आणि तिरपा नसेल तर चष्मा काढून बघता येतं, चाक फिरवलं की नंबर भरून निघतो. मात्र काढलेला चष्मा खिशातच ठेवावा. दगडावर ठेवलेला चष्मा शोधायला चष्माच लागतो.

घ्यायची कुठे, हा खरा गहन प्रश्न. नांदेडला फोटोवाल्यांची दुकानं हिंडलो. सगळीकडे लग्नाचा मोसम. "दुर्बीण? सर, ड्रोन घ्या," असं एकाने सुचवलं. दुसऱ्याने खिशातून मोबाइल काढला, "यात शंभर एक्स हाय, दुर्बीण कशाला पायजे?" आणि शंभर एक्स लावून त्याने समोरच्या इमारतीवरची घार मला दाखवली. ती घार नव्हती, डिश अँटेना होती, पण विकणाऱ्याच्या आनंदावर विरजण कशाला घाला. लातूरला पुस्तकं वाट्टेल तेवढी, वह्या वाट्टेल तेवढ्या, पण पक्ष्यांवर 'नीट'मध्ये फारसं काही विचारत नाहीत म्हणून दुर्बीण नाही. शेवटी नांदेडकर देवगिरी एक्स्प्रेसने हैदराबादला जातो आणि लातूरकर पुण्याला, दवाखान्याच्या कामाला जोडून. नाहीतर घरबसल्या मागवतो आणि देवावर हवाला ठेवतो.

हातात आल्यावर मात्र देवावर ठेवू नये. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडं घेणारा माणूस आधी दात बघतो, मग खूर उचलून बघतो, मग चालवून बघतो, आणि मालक कितीही शपथा घेवो, तोंडातून "बरंय" एवढंच काढतो. दुर्बिणीलाही दात असतात. ती हात लांब करून आभाळाकडे धरा आणि डोळ्याच्या बाजूच्या भिंगात बघा. उजेडाचे दोन ठिपके दिसतील. ते पूर्ण गोल असले तर लोलकाची काच चांगली, कडा चौकोनी आणि करड्या दिसल्या तर काच हलकी. खूर बघायचे ते असे: दुर्बीण विजेच्या तारेवर रोखा, तारेत वीज असो वा नसो. दोन्ही डोळ्यांनी बघताना एकच तार दिसली पाहिजे. दोन दिसल्या, किंवा एकच दिसताना कपाळ दुखायला लागलं, तर दोन नळ्या दोन दिशांना बघतायत. त्या दुर्बिणीला परत पाठवा, कितीही सवलत देऊ द्या. स्वस्त दुर्बिणींचा सगळ्यात मोठा रोग हाच. आणि चालवून बघणं म्हणजे रस्त्यापलीकडच्या पाटीवरचा मोबाइल नंबर वाचणं. कडेचे आकडेही वाचता आले पाहिजेत, मधलेच नव्हे. काळ्या अक्षरांभोवती जांभळी किनार थोडी दिसली तर चालेल. अक्षरांपेक्षा किनार जास्त असेल तर नाही.

आणि "किती एक्स" असं कुणी विचारलं तर "बरंय" म्हणायचं.

आता दुर्बिणीचं खरं आयुष्य सुरू होतं, म्हणजे ती दुसऱ्यांच्या हातात जाते. उजव्या डोळ्याच्या भिंगापाशी एक चकती फिरते. आपल्या दोन डोळ्यांत फरक असतो तो त्या चकतीने मिटवायचा: आधी उजवा डोळा झाकून मधल्या चाकाने डाव्याचं चित्र नीट करायचं, मग डावा झाकून नुसत्या चकतीने उजव्याचं. एकदा केलं की झालं. माझ्या ओळखीत दुर्बीण असलेले बरेच आहेत, ही चकती माहीत असलेले थोडे. बाकीचे वर्षानुवर्षं एका डोळ्याने स्वच्छ आणि एका डोळ्याने पुसट बघतात आणि दुर्बिणीपायी डोकं दुखतं म्हणून सांगतात.

उदगीर तालुक्यातल्या हाळीजवळ तिरूचं तळं आहे. हिवाळ्यात तिथं पाखरं उतरतात आणि पाखरांमागे आमच्यासारखे. काठावर दुर्बीण बाहेर काढली की शेतातून, रस्त्यावरून, कुठून कुठून माणसं जमतात. मग ती हातोहात निघते. पहिला म्हणतो, "काय दिसंना गेलंय." झाकण तसंच असतं. दुसरा उलटी धरतो आणि मित्राकडे बघून म्हणतो, "बापू, लई लांब गेलास बे." तिसरा सापडेल ती प्रत्येक गोष्ट फिरवून बघतो, चकतीसकट, आणि म्हणतो, "आता क्लिअर आलं." त्याच्यासाठी आलेलं असतं. पुढचे सगळे आणि संध्याकाळी मी, त्याच्या उजव्या डोळ्याने जग बघतो. एका आजीबाईंनी दुर्बीण हातातसुद्धा घेतली नाही. डोळ्यावर हात धरून त्या म्हणाल्या, "भोरड्या हायत्या. लिंबावर बसल्यात्या." होत्याच. जोंधळ्याच्या रानात माळ्यावर बसून गोफणीने भोरड्या हाणण्यात ज्यांचं लहानपण गेलं त्यांना आठ पट कशाला हवं? भोरडी मध्य आशियाकडून येते, जोंधळा फस्त करते, टोळही खाते. आता जोंधळा कमी झाला, सोयाबीन वाढलं, आणि गोफण फिरवणारी पोरं क्लासला गेली.

भोरड्यांसारख्या पाहुण्यांवरून आठवलं, आमच्याकडे हिवाळ्यात आलेला प्रत्येक पक्षी सायबेरियाचा असतो. दर डिसेंबरात पेपरात फोटो येतो, खाली "सायबेरियन पाहुण्यांचे आगमन". जायकवाडीला उतरणारे रोहित बहुतांशी कच्छच्या रणातले असतात, पट्टकादंब तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात. ते सगळे सायबेरियात जमा. एकदा त्या फोटोत काळा शराटी होता. तो तर बारा महिने इथेच असतो, उकिरड्याच्या कडेला उभा असतो, त्याला रेशनकार्ड तेवढं मिळायचं राहिलंय. तोही त्या वर्षी सायबेरियन झाला. दुर्बीण घेण्याचा मला दिसलेला पहिला फायदा हा, की पेपर वाचताना हसू येतं.

दुसरा फायदा सासूबाईंनी शोधला. लातूरला नळाला पाणी कित्येक दिवसांनी येतं आणि कधी येणार हे गल्लीगल्लीवर अवलंबून. गच्चीवरून पलीकडच्या गल्लीत हंडे लागले का हे बघायला त्यांनी दोन्ही दुर्बिणी लावून बघितल्या, मेव्हण्यांची नव्वदची आणि माझी आठची. नंतर मेव्हण्यांसमोरच माझ्याकडे आठचीच ठेवून जायची मागणी झाली. "त्याच्यात हंडा हलतोय ओ," त्या म्हणाल्या. एवढा निःपक्षपाती निकाल कोणत्याही प्रयोगशाळेत मिळणार नाही. मेव्हणे तेव्हापासून माझ्याशी हवापाण्याचंच बोलतात.

एक इशारा द्यायला हवा. दुर्बीण चांगली असली म्हणून सगळे पक्षी ओळखू येतील असं नाही. वेडा राघू ओळखू येईल. तारेवरून उडून माशी धरतो आणि पुन्हा त्याच तारेवर येऊन बसतो, नवशिक्यावर त्याची मेहेरबानी आहे. टिटवी स्वतःच ओरडून सांगते. पण वटवट्या आणि तिरचिमण्या यांच्यात शिरलात की आठ हजारांची दुर्बीण आणि दोन लाखांची दुर्बीण सारखीच. त्या मातकट रंगाच्या, त्या सगळ्या एकमेकींसारख्या, आणि मी बघितलेल्या प्रत्येक तिरचिमणीने नेमका ओळखीचा भाग दिसायच्या आत बांधापलीकडे उडी मारली आहे. तिथे मोठमोठे जाणकारही वहीत प्रश्नचिन्ह काढतात. आपणही काढावं. त्याला पैसे पडत नाहीत.

राज्य सरकारने २०२० मध्ये ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरवला. ५ ला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ ला सलीम अलींचा. तोवर दिवाळीच्या सवलती सुरू झालेल्या असतात किंवा नुकत्याच संपलेल्या. घ्यायची तर त्या सुमाराला घ्या: ८×४०, नाहीतर ८×४२, रुंद खांद्यांची, चष्मा असेल तर माप बघून. ज्यांचं यंदा सोयाबीनने घेणं होऊ दिलं नाही त्यांनी तसंच यावं. तळ्यावर कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात दुर्बीण असतेच, आणि मागितली तर कुणी नाही म्हणत नाही. फक्त उजवीकडची चकती फिरवू नका.